एका भिकार सिनेमाची सेफ्टी

गप्प बसलेल्या माणसाचंही डबिंग करावं लागतं, हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, परदेशी सिनेमा मराठीत आणायचा म्हणजे वाक्यं मराठीत लिहायची आणि चार जणांनी ती वाचायची. पण त्या मूळ सिनेमातून माणसांचे आवाज काढून टाकलेले असतात. संगीत येतं, दार वाजल्याचा आवाज येतो, पण नटाच्या घशातून जे जे निघालं ते सगळं गेलेलं असतं. त्याचा उसासा, आवंढा, हुंदका, ठसका, सूप पितानाचा सुरका. हे सगळं आम्हाला पुन्हा करावं लागतं, आणि तेही पडद्यावरच्या माणसाचे ओठ आणि छाती हलतील त्याबरहुकूम. डोंबिवलीहून आलेल्या एका सद्गृहस्थांना मी अख्खी सकाळ सूप प्यायला लावलं आहे, तेही सूप नसताना.

माझी सगळी नोकरी डबिंग दिग्दर्शक म्हणून अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत झाली. आमचा स्टुडिओ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खालच्या गाळ्यात मिठाईची खोकी बनवायचा कारखाना होता आणि त्यांचं पंचिंग मशीन धाडधाड चालायचं. आवाज आत येऊ नये म्हणून आम्ही भिंतींना काय काय लावलं, तरी हळुवार प्रसंगात तो तळपायाला जाणवायचाच. म्हणून प्रेमाचे, मरणाचे आणि कानात कुजबुजण्याचे प्रसंग आम्ही त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत घ्यायचो. मराठीत डब झालेली कित्येक प्रेमं खालच्या कामगारांनी डबे उघडले म्हणून जमली आहेत.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. जंगलावरचा एक माहितीपट होता, त्यातल्या हत्तीचं ओरडणं मराठी प्रेक्षकाला आपलं वाटलं पाहिजे, असा एका साहेबांचा हट्ट होता. मी त्यांना विचारलं की हत्ती कोकणातला हवा की देशावरचा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले. पण हत्तींनी मला कधी फार छळलं नाही. मला छळलं ते एका फ्रेंच सिनेमाने, निवृत्तीच्या आदल्या वर्षी.

सिनेमाचं नाव सांगत नाही. त्याचे भक्त फार आहेत आणि मला आता शांतता हवी आहे. काळापांढरा, जुना, जगभर नावाजलेला. आमच्याकडे तो घेऊन आला ईशान, घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीचा तरुण अधिकारी. मुलगा हुशार, वागायला गोड, सिनेमावर मनापासून प्रेम करणारा. तो म्हणाला, "मॅम, हा मास्टरपीस आहे. गॅम्बलिंग अ‍ॅडिक्शनवर इतकं ऑनेस्ट काम कोणी केलं नाहीये." मी त्या रात्री घरी, कांदिवलीला, जेवण आटोपून मोठ्या आशेने तो लावला. संपल्यावर मला वाटलं की मध्ये माझा डोळा लागला असणार आणि जे महत्त्वाचं ते त्यात निसटलं असणार. म्हणून पुन्हा लावला. काहीही निसटलं नव्हतं.

गोष्ट अशी. समुद्रकाठचं एक श्रीमंत गाव, तिथे कॅसिनो. नायक जहाजावरचा डॉक्टर, जुगाराच्या नादापायी नोकरी गेलेला. नायिकेचं हातमोज्यांचं दुकान. त्याचे हात थरथरतात म्हणून तो मोजे घ्यायला येतो, ती त्याचा हात हातात घेऊन माप बघते, आणि व्हायोलिन सुरू होतं. तिथून पुढे तो रोज कॅसिनोत जातो आणि ती बाहेर बाकावर बसते. तो हरून बाहेर येतो, शपथ घेतो, ती त्याला जवळ घेते, व्हायोलिन. दुसऱ्या दिवशी तो आत, ती बाकावर. हे असं सिनेमाभर. शेवटी ती दुकान विकून सगळं त्याच्या हवाली करते. तो आत जातो, आणि ती कुठे बसते हे मी सांगायला नको. मग तो पायऱ्या उतरून येतो, ती उठते, म्हणते, "मला माहीत होतं, तू येशील." मिठी, समुद्र, ढग, समाप्त. तो जिंकला की हरला, व्यसन सुटलं की नाही, काही सांगत नाहीत. ईशानच्या मते तेच त्याचं सौंदर्य.

मला त्या बाईचा इतका राग आला की विचारू नका. ही करते काय? बसते. माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत होते, आम्ही मालवणकडचे. चाळीत मटका खेळणारे बाप्ये होते, आणि त्यांच्या बायका मला चांगल्या आठवतात. त्यातली एकही कुठल्या बाकावर बसलेली मला आठवत नाही. त्या खानावळी चालवायच्या, माणसांना जेवायला घालायच्या, नवऱ्याच्या नावाने शिव्या घालायच्या आणि पोरांना शाळेत पाठवायच्या. त्यांच्यावर कोणी व्हायोलिन वाजवलं नाही. आणि हा सिनेमा जुगार सिगारेटच्या धुरासारखा वापरतो. नायक त्यात देखणा दिसतो, एवढंच त्या व्यसनाचं काम. हे मी ईशानला सांगितलं. तो म्हणाला की मॅम, तुम्ही खूप लिटरली घेताय.

घेतलं काम. नायकाला आवाज पाटकरांचा ठरवला. पाटकर म्हणजे पार्ल्याचे जुने नाट्यकलावंत, खर्जातला भारदस्त आवाज, हातात कायम चहाचा थर्मास. त्यांनी हा सिनेमा तरुणपणी एका फिल्म सोसायटीत पाहिला होता आणि त्याची धुंदी अजून उतरली नव्हती. नायिकेसाठी प्रज्ञाला बोलावलं. प्रज्ञा घाटकोपरला पंतनगरात राहते. वडील वाशिमकडून नोकरीसाठी मुंबईत आले. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करता करता हिचा आवाज तयार झालेला, आणि तो असा की नुसतं 'हं' म्हणाली तरी त्यात चार अर्थ ऐकू यावेत. माझ्या आवडत्या कलाकारांपैकी ती एक. नवरा सचिन कधीकधी तिला न्यायला यायचा. बाहेरच्या खुर्चीत मान खाली घालून मोबाईल बघत बसायचा. मुंबईत सगळेच तसे बसतात, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं आमच्या मनातही आलं नाही.

हल्ली डबिंगमध्ये माणसं एकमेकांसमोर उभी राहत नाहीत. प्रत्येक जण आपापली वाक्यं एकटा येऊन बोलून जातो. पाटकरांनी आधी आपलं सगळं काम उरकलं. मग प्रज्ञा आली. तिने हेडफोन घालून पाटकरांचा आवाज ऐकायचा आणि काचेपलीकडच्या बूथमध्ये एकटीने प्रेम करायचं. जिथे पहिली शपथ येते, तो प्रसंग आम्ही लावला. हेडफोनमध्ये पाटकर खर्जात म्हणाले, "मी तुला वचन देतो, यापुढे मी जुगाराला स्पर्शही करणार नाही." त्यावर नायिकेला फक्त एक सुटकेचा श्वास सोडायचा होता. प्रज्ञाला तो श्वास जमेना. पुन्हा पुन्हा घेतला. एकदा तो उसासा झाला, एकदा खोकला झाला. शेवटी तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवले.

"ताई, असं नाही हो बोलत," ती म्हणाली.

मी विचारलं, कोण?

"जुगारी. ते वचनबिचन देत नाहीत. आधी चिडतात. मग जेवत नाहीत. मग म्हणतात, तू असं बघतेस माझ्याकडे म्हणून मला परत जावं लागतं."

आमचा रेकॉर्डिस्ट फर्नांडिस वसईचा, सहसा कुठल्याही प्रसंगात मान वर न करणारा. त्यानेही मान वर केली. मी म्हटलं, चल, खाली चहा घेऊ.

खाली टपरीवर तिने सगळं सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसं. सचिनला मोबाईलवरच्या रमीचा नाद लागला होता. सुरुवातीला गंमत म्हणून, मग ऑफिसात, मग संडासात. मोटारसायकल गेली. लॉकडाऊनमध्ये तिने घरातल्या कपाटात गोधड्या लावून स्वतःपुरता बूथ केला होता आणि त्यासाठी चांगला माईक घेतला होता. तो एक दिवस दिसेना. सचिन म्हणाला, दुरुस्तीला दिलाय. ती रोज विचारत राहिली आणि तो रोज नवीन कारण सांगत राहिला. माईक गेला याच्यापेक्षा आपण ती कारणं ऐकत राहिलो, याचं तिला जास्त वाईट वाटत होतं. उन्हाळ्यात तिने त्याला घराबाहेर जायला सांगितलं. तेव्हापासून तो मुलुंडला बहिणीकडे होता.

आणि आता तो म्हणत होता की सगळं सोडलंय, या रविवारी घरी येतो. सासूबाईंचे रोज फोन. तिची स्वतःची आईसुद्धा म्हणत होती की पोरीला बाप हवा, एकदा संधी दे. मुलगी सातवीत, ती काहीच म्हणत नव्हती, आणि ते सगळ्यात अवघड होतं. प्रज्ञाने अजून सचिनला उत्तर दिलं नव्हतं. ये म्हणावं की येऊ नको म्हणावं, हे तिला ठरत नव्हतं. तिने मला विचारलं, "काय सांगू त्याला?"

जन्मभर मी माणसांच्या तोंडी नेमकी वाक्यं घालत आले. त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही. विचार करून ठरव, असं काहीतरी पुचाट बोलले आणि कप ठेवला. मला सचिनचा राग आला, तिच्या आईचा आला आणि सगळ्यात जास्त त्या सिनेमाचा आला. इथे एक बाई खरोखर वाट बघणं कुठे संपवायचं ते शोधते आहे, आणि तिच्याकडून आम्ही वाट बघणाऱ्या बाईचे उसासे काढून घेतोय.

वर गेल्यावर मी ते शपथेचं वाक्य बदललं. आमच्याकडे अर्थ तोच राहिला आणि ओठ जुळले तर एवढी मोकळीक असते. जिथे पडद्यावरचा माणूस ओठ मिटतो तिथे आपल्या वाक्यात प, ब, म असं काहीतरी यावं लागतं, नाहीतर प्रेक्षकाला कळत नाही पण खटकतं. त्या संध्याकाळी प्रज्ञाने सांगितलेली वाक्यं घेऊन मी नायकाच्या सगळ्या शपथा नव्याने बांधल्या; शेवटी 'सोडतो म्हटलं ना' तेवढं ठेवलं, म्हणजे अर्थाला धक्का नको. मग पाटकरांना फोन केला की तुमचं थोडं काम पुन्हा करायचंय.

पाटकर आले ते रुसूनच. एकदा दिलेलं काम परत द्यायचं म्हणजे त्यांना तो अपमान वाटतो. मला म्हणाले की तुला या सिनेमातलं प्रेमच दिसत नाही. मी म्हटलं, पाटकर, मला त्यात फक्त बाकडं दिसतं. ते बूथमध्ये गेले, चष्मा लावला आणि नवीन वाक्य मनातल्या मनात वाचलं. मी काचेतून खूण केली तेव्हा त्यांनी ते घेतलं, त्यांच्या नेहमीच्या खर्जाशिवाय, अगदी रडवेल्या चिडक्या आवाजात. "असं बघू नकोस माझ्याकडे. तू असं बघतेस म्हणून मला परत जावं लागतं." एका टेकमध्ये झालं. बाहेर येऊन त्यांनी थर्मास उघडला आणि बंद केला.

"हा माणूस नालायक आहे गं, शुभा," ते म्हणाले.

तुम्हाला हे कळायला उभा जन्म गेला, असं मी म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. आपल्या तरुणपणाचा नायक असा हातातून जाणं काही सोपं नसतं.

त्यानंतर प्रज्ञाचं काम सुरळीत झालं. नवीन वाक्यांवर ती जे उसासे टाकत होती ते सुटकेचे नव्हते, थकव्याचे होते, आणि ते त्या सिनेमाला मुळातल्यापेक्षा बरे दिसत होते. मला त्याचाही वैताग आला. एखाद्या भिकार पदार्थात आपण आपलं चांगलं तूप घालतोय असं वाटत होतं.

शेवटचा प्रसंग शुक्रवारी घ्यायचा ठरला, खालच्या कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत. ईशान मुद्दाम आला होता. इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिली गोष्ट पाठमोऱ्या माणसाची. पडद्यावर माणसाची पाठ आपल्याकडे असेल तर त्याचे ओठ दिसत नाहीत, आणि मग त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. आमच्या धंद्यात पाठ म्हणजे सुट्टी. या सिनेमाच्या शेवटच्या दृश्यात नायिका पाठमोरी आहे. ती बाकावरून उठते, समोरून तो पायऱ्या उतरत येतो, आणि आपल्याला दिसतं ते फक्त तिची पाठ आणि तिच्या खांद्यावरून त्याचा चेहरा.

दुसरी गोष्ट सेफ्टीची. एखादा टेक पसंत पडला तरी आम्ही लगेच पुढे जात नाही. रेकॉर्डिस्ट म्हणतो, "एक सेफ्टी", आणि कलाकार तेच वाक्य आणखी एकदा बोलतो. पहिल्यात नंतर काही बिघाड निघाला तर हाताशी असावं म्हणून. पण खरं सांगायचं तर सेफ्टी ही कलाकाराची असते. पसंत टेक दिग्दर्शकासाठी दिलेला असतो, सेफ्टीत तो आपल्याला हवं तसं बोलून बघतो, आणि मी त्यात कधीही तोंड घालत नसे. माझ्या कितीतरी चांगल्या जागा अशा सेफ्टीतून आलेल्या आहेत.

मशीन थांबलं. प्रज्ञाने पसंत वाक्य घेतलं. "मला माहीत होतं, तू येशील." स्वच्छ, नेटकं, तक्रारीला जागा नाही. ईशानने अंगठा वर केला. फर्नांडिस सवयीने म्हणाला, एक सेफ्टी. चित्र पुन्हा मागे गेलं आणि सुरू झालं. नायिका बाकावरून उठली, आणि प्रज्ञा म्हणाली, "मी वाट बघत नव्हते. मी निघालेच होते."

पडद्यावर नायक पुढे आला आणि त्याने तिला मिठी मारली. तीच मिठी, मी इतक्या वेळा बघितलेली. पण आता तो तिला जवळ घेत नव्हता, तो तिला अडवत होता. तिच्या खांद्यावरून दिसणारा त्याचा चेहरा, जो मला आतापर्यंत नुसता धुंद वाटत आला होता, तो घाबरलेला दिसत होता. समुद्र आला, ढग आले आणि सिनेमा संपला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की इथे कोणीतरी काहीतरी सांगितलं.

ईशानलाही ते दिसलं. त्याच्या हातातली कोल्ड कॉफी तशीच राहिली. पण मग तो भानावर आला आणि म्हणाला की हे कमाल आहे, पण मूळ अर्थ हा नाहीये, आणि तपासणारी माणसं दुसऱ्या शहरात बसतात, ती प्रत्येक वाक्य इंग्रजी अर्थाशी ताडून बघतात. मी भांडले. मी म्हटलं की तुझा सिनेमा एवढ्या वर्षांनी सुधारलाय, राहू दे तसा. तो म्हणाला की क्लासिक आहे मॅम, आपण सुधारू शकत नाही. क्लासिक म्हणजे जुन्या लोकांच्या चुकांना लावलेलं कुलूप का, असं मी विचारलं, आणि आणखीही बरंच बोलले. उपयोग झाला नाही. त्याचंही बरोबरच होतं, आणि त्यामुळे मी अधिकच चिडले. दुसऱ्याच्या सिनेमात आपली गोष्ट घुसडायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. पसंत वाक्यच पाठवायचं ठरलं. या सगळ्या गोंधळात प्रज्ञाने पर्स उचलली आणि ती निघून गेली. रविवारचं काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

त्या रविवारी माझं कशात लक्ष लागलं नाही. फोन करावा असं वाटलं, पण केला नाही. ते सेफ्टीतलं वाक्य पाठमोऱ्या बाईच्या तोंडी छान बसलं होतं. दारात समोरासमोर उभं राहून ते बोलणं वेगळं. आणि पाठीमागे आई, सासू आणि सातवीतली मुलगी.

पुढच्या आठवड्यात तपासणीवाल्यांचा शेरा आला. बाकी सगळं मंजूर, फक्त शेवटचं वाक्य जरा कोरडं वाटतं, ते अजून मायेने हवं. मी ईशानला फोनवर जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. बिचारा ऐकून घेत होता. त्या एका वाक्यासाठी दुसऱ्या कोणाचा आवाज लावता येणार नव्हता, कानाला लगेच कळलं असतं. तेव्हा प्रज्ञालाच बोलावणं भाग होतं. रविवारी तिच्या घरी काय झालं ते मला माहीत नव्हतं, आणि तिच्याकडून मी मागणार होते माया.

ती वेळेवर आली. केस धुतलेले, चेहरा जरा ओढलेला. मी तिला शेरा सांगायच्या आधीच तिने बोलायला सुरुवात केली.

"आला होता तो, ताई. पोरीसाठी रंगांची पेटी घेऊन. मी ते वाक्य पाठ करून ठेवलं होतं. दार उघडलं आणि म्हटलं, मी वाट बघत नव्हते, मी निघालेच होते."

"मग?"

"मग तो म्हणाला, कुठे?"

फर्नांडिसने खुर्ची आमच्याकडे वळवली.

"पायात घरातली चप्पल, गॅसवर कुकर. कुठे निघणार मी? मग माझ्या डोक्यात आलं, घर तर माझं आहे. मी कशाला निघू? त्याला म्हटलं, तू मुलुंडला ताईंकडेच राहा. डॉक्टरकडे जा, जुगार सोडणारे लोक दर आठवड्याला एकत्र बसतात तिथे जा. पोरीला भेटायला रविवारी येत जा. घरात यायचं मी सांगेन तेव्हा."

तो ऐकून गेला का, असं मी विचारलं.

"कसला जातोय. आधी चिडला. मग म्हणाला, असं बघू नकोस माझ्याकडे, तू असं बघतेस म्हणून मला परत जावं लागतं." इथे ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "ताई, शब्दन् शब्द तोच. आणि मला पाटकरकाकांचा आवाज ऐकू आला. वाटलं, अरे, हे तर मी टेकमध्ये ऐकलंय. आता मी उसासा टाकायचा. नाही टाकला."

मग तिने मुलीला बोलावलं. मुलगी बापाबरोबर खाली बागेत गेली, पेटीतले रंग दाखवत बसली, आणि तो तिला वर सोडून मुलुंडला परत गेला. मी प्रज्ञाला विचारलं, रडलीस का? ती म्हणाली, कुकर उतरवल्यावर. तो डॉक्टरकडे जाईल की नाही, तेही मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. जावा असं तिला फार वाटत होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याच्यावरचा तिचा जीव उडालेला नव्हता. मला त्या क्षणी फ्रान्सच्या त्या सगळ्या बाकड्यांना काडी लावावीशी वाटली.

मग मी तिला तो शेरा सांगितला. सांगताना मला लाज वाटत होती. म्हटलं, तुला नको असेल तर मी भांडते परत, जुनाच टेक ठेवायला लावते.

"भांडू नका," ती म्हणाली. "मला माहीत होतं, तू येशील. त्यात खोटं काय आहे? माहीतच होतं मला, तो येणार."

ती बूथमध्ये गेली. खालचं मशीन थांबायची आम्ही वाट बघितली. चित्र सुरू झालं, नायिका बाकावरून उठली, आणि प्रज्ञाने ते वाक्य म्हटलं. मायेने म्हटलं. इतक्या मायेने की मला कळलं, ही माया दार उघडणाऱ्या बाईची नाही. दार लावून झालेल्या बाईची आहे, जिला आता कोणाची भीती उरलेली नाही. तपासणारे खूश होणार होते आणि त्यांना काहीही कळणार नव्हतं. ते वाक्य आजही त्या सिनेमात आहे. लोक मला सांगतात की मराठीतला शेवट फार हृद्य झालाय. सिनेमा अजूनही भिकारच आहे.

मी हात वर करून पसंत असल्याची खूण केली. फर्नांडिसने सवयीने माईकचं बटण दाबलं आणि विचारलं, "एक सेफ्टी?"

प्रज्ञाने हेडफोन काढून खुंटीला अडकवले.

"नको," ती म्हणाली. "झालं आता."

माझ्या सगळ्या नोकरीत मी कोणाला सेफ्टी दिल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. तिला जाऊ दिलं.